दाखवला तोच गेम द्या

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : व्हिडिओ गेमची जाहिरात आणि प्रत्यक्ष हातात पडणारा गेम यांतली तफावत



मालवणच्या बाजारपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं दुकान आहे. शाळा-कॉलेजातली मुलं, ट्रॉलरवर जाणारे तरुण, मे महिन्यात आणि चतुर्थीला मुंबईहून येणारे चाकरमानी, त्यांची पोरं, या सगळ्यांचे फोन माझ्या हाताखालून जातात. कुणाचं स्टोरेज फुल झालेलं असतं, कुणाचा फोन तापत असतो, कुणाला गेमसाठी रिडीम कोड हवा असतो. या गिऱ्हाइकांची एक तक्रार मी इतकी ऐकली आहे, की ती तुमच्यापर्यंत पोचवणं मला माझं काम वाटतं. आठवीतल्या एका मुलाने ती सगळ्यांत थोडक्यात सांगितली : "काका, जाहिरातीत दाखवलला ता ह्येच्यात खयच नाय."

तो एका फुकट गेमबद्दल बोलत होता. यूट्यूबवर दोन व्हिडिओंच्या मध्ये त्याची जाहिरात यायची. एक माणूस खोलीत अडकलेला, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आग, आणि त्यांना अडवणाऱ्या पिनांपैकी कुठली पिन आधी ओढायची ते आपण ठरवायचं. मुलाला ते कोडं आवडलं. घरी रेंज धड नाही म्हणून बाजारात येऊन त्याने गेम डाउनलोड केला, जागा करायला आईच्या फोनमधले चतुर्थीचे फोटो पुसले आणि उघडून पाहिलं, तर एकाच रंगाचे तीन तुकडे जुळवायचा खेळ निघाला. पिन नाही, पाणी नाही, आग नाही. पुसलेले फोटो परत मिळतील का, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता.

गेम फुकटच होता, मग गेलं काय, असं मोठी माणसं म्हणतात. त्या मुलाचा दिवसाचा डेटा गेला, फोटो गेले, आणि पुढच्या पातळ्यांवर पैसे मागणारं दुकान त्याच गेममध्ये उघडून बसलेलं होतं. फुकट गेमचा धंदा गिऱ्हाईक आत आणण्यावर चालतो. शंभरांतले दोन-चार जरी पैसे खर्च करू लागले तरी त्यांना पुरतं. म्हणून आत आणणारी जाहिरात काहीही दाखवायला तयार होते.

नेमका हाच प्रकार ब्रिटनमध्ये तपासला गेला आहे. 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या प्लेरिक्स कंपनीच्या दोन गेमच्या पिन ओढायच्या जाहिरातींवर तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारी आल्या. तसली कोडी गेममध्ये आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. होतीही, पण हजारो पातळ्यांमध्ये अगदी मोजकी, तीही लांब अंतरावर विखुरलेली. सगळी दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत, अशी एक ओळ जाहिरातीत होती. ती ओळ पुरेशी नाही, असं प्राधिकरणाने सांगितलं आणि २०२० च्या सप्टेंबरअखेर त्या जाहिराती त्या स्वरूपात पुन्हा दाखवायला मनाई केली.

आपला कायदा याहून दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(२८) प्रमाणे वस्तूचं खोटं वर्णन करणारी, खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. तुमचं प्राधिकरण २४ जुलै २०२० पासून कामाला लागलं. पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि कुणी तक्रार न करताही तुम्ही स्वतःहून दखल घेऊ शकता. ९ जून २०२२ ला तुम्ही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. मुलांसमोर वस्तूचे गुण इतके फुगवून मांडू नयेत की त्यांच्या मनात अवास्तव अपेक्षा तयार होतील, हे त्यांत स्पष्ट आहे. खुलासा जाहिरातीच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत असावा, हेही आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या तत्त्वांत तुम्ही फसवणुकीचे तेरा प्रकार मोजलेत, त्यांत एक दाखवून दुसरंच देण्याचा प्रकारही आहे.

नुसते कागद काढून तुम्ही थांबला नाहीत, याचीही मला जाणीव आहे. निकालाच्या जाहिरातींत यशस्वी उमेदवारांनी नेमका कुठला कोर्स घेतला होता ते लपवणाऱ्या कोचिंग क्लासना तुम्ही दंड केलात. 'पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर पन्नास रुपये' अशी जाहिरात करणाऱ्या रॅपिडोला ऑगस्ट २०२५ मध्ये दहा लाखांचा दंड केलात आणि ज्यांना ते पन्नास रुपये मिळाले नाहीत त्यांना ते द्यायला लावलेत. पन्नास रुपयांच्या वचनाची किंमत तुम्ही ठरवू शकता, तर तीन-चार हजारांच्या गेमच्या वचनाचीही ठरवू शकता. गेमच्या ट्रेलरसाठी मात्र आपल्याकडे वेगळी तत्त्वं नाहीत. ती तुम्ही काढावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

गेम बनवणाऱ्यांची बाजूही आधी मांडली पाहिजे, नाहीतर मागणी अर्धवट राहील. मोठा गेम बनायला चार-पाच वर्षं लागतात आणि पैसे लावणाऱ्यांना लोकांची उत्सुकता टिकवायची असते, त्यामुळे जाहिरात गेमच्या फार आधी सुरू होते. लॉस एंजेलिसमध्ये १९९५ पासून ई-थ्री नावाचा मेळा भरायचा. जगभरचे मोठे गेम तिथे पहिल्यांदा दिसायचे. त्यासाठी कंपन्या गेमचा पाच-दहा मिनिटांचा एक तुकडा वेगळा घडवून नेत. त्या तुकड्यात प्रत्येक पात्र ठरल्या जागी ठरलेली हालचाल करायचं आणि तो महागड्या संगणकावर चालायचा. उरलेला गेम तोवर बहुतेक बनलेलाच नसायचा. पुढे तो सामान्य यंत्रावर चालवायची वेळ आली की सावल्या कमी करा, रस्त्यावरची गर्दी कमी करा, पाण्यातली प्रतिबिंबं काढून टाका, असं करत करत गेम वेगळाच होऊन बाहेर यायचा. सुरुवातीला ट्रेलर बनवणाऱ्याने खोटं बोलायचं ठरवलेलं असतंच असं नाही. आपण तिथवर पोचू, असं त्याला खरंच वाटत असतं. माझा आक्षेप त्याच्या स्वप्नाला नाही. गेम विकायला काढल्यावरही तोच जुना ट्रेलर तसाच चालू ठेवण्याला आहे.

'एलियन्स : कलोनियल मरीन्स' या गेमचं असंच झालं. मेळ्यात दाखवलेला तुकडा आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये विकायला आलेला गेम यांत अंधार-उजेडापासून शत्रूंच्या हुशारीपर्यंत फरक होता. ब्रिटनमध्ये तक्रार झाल्यावर सेगा कंपनीने तो फरक मान्य केला आणि ट्रेलरवर खुलासा टाकायची तयारी दाखवली. गेम तोवर विकला गेला होता.

'सायबरपंक २०७७' ची गोष्ट याहून मोठी आहे आणि तुमच्या कामाच्या दृष्टीने सगळ्यांत शिकण्यासारखी आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने हा गेम २०१२ मध्ये जाहीर केला. २०१८ मध्ये प्रत्यक्ष खेळाचा पाऊण तासाचा व्हिडिओ दाखवला. पुढच्या वर्षी हॉलिवूडचे नट किआनू रीव्ह्ज मेळ्याच्या मंचावर आले. विक्रीची तारीख तीनदा पुढे गेली. अखेर १० डिसेंबर २०२० ला गेम आला, तेव्हा सुमारे ऐंशी लाख लोकांनी तो आधीच विकत घेऊन ठेवला होता. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो, असं कंपनीने विक्रीआधी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं. परीक्षकांना मात्र फक्त संगणकावर चालणारी आवृत्ती दिली गेली, आणि विक्रीआधीच्या परीक्षणांत त्यांनी स्वतः चित्रित केलेलं दृश्य वापरायचं नाही, कंपनीने दिलेलंच वापरायचं, अशी अट होती. जुन्या यंत्रांवर गेम अडखळत होता, चेहरे उशिरा उमटत होते, मध्येच बंद पडत होता. आठवड्याभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. जून २०२१ मध्ये तो परत आला. पुढच्या काही वर्षांत कंपनीने तो चांगला दुरुस्त केला आणि आज तो नावाजलेला गेम आहे. म्हणून झालं-गेलं विसरा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्याला अर्धा माल मिळाला. तीन वर्षांनी अर्ध्या किमतीत घेणाऱ्याला पूर्ण मिळाला. ज्यांनी सगळ्यांत जास्त विश्वास टाकला, त्यांनाच सगळ्यांत जास्त किंमत मोजावी लागली. ही व्यवस्था उलटी आहे.

'नो मॅन्स स्काय' या २०१६ च्या गेमबद्दलही ब्रिटनमध्ये तक्रारी झाल्या होत्या. एकमेकांना भेटता येईल, असा खेळाडूंचा समज होता. पहिल्याच दिवशी दोघे जण एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसले नाहीत. तरीही गेमच्या विक्रीपानाबद्दलच्या तक्रारी तिथल्या प्राधिकरणाने फेटाळल्या, कारण त्या गेममधली दुनिया यंत्र स्वतःच घडवत जातं आणि जाहिरातीतल्यासारखी दृश्यं खेळताना दिसू शकतात, असं त्यांचं मत पडलं. स्पष्ट नियम नसला की चांगला नियामकसुद्धा असा मतांच्या चर्चेत अडकतो.

आता आपल्या देशातलं उदाहरण. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. दोनच दिवसांनी अक्षयकुमार यांनी 'फौजी' हा देशी गेम जाहीर केला. बेंगळुरूच्या एनकोअर कंपनीचा हा गेम, आणि त्याच्या उत्पन्नातला वीस टक्के भाग 'भारत के वीर' या शहीद जवानांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला जाणार होता. ते टाळेबंदीचं वर्ष होतं. ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने घराघरांतल्या मुलांच्या हातात पहिल्यांदाच पूर्ण वेळ फोन आला होता, आमच्या जिल्ह्यात तर रेंजसाठी पोरं डोंगरावर चढून बसत होती. अशा वेळी पबजी गेला आणि फौजी येणार, या दोन बातम्या जोडूनच आल्या. दसऱ्याला त्यातल्या गलवान खोऱ्यातल्या चकमकीची झलक दाखवली गेली. नोव्हेंबरअखेर नावनोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली.

२६ जानेवारी २०२१ ला गेम आला. त्यात एकट्याने खेळायची एकच मोहीम होती, हातघाईची मारामारी होती. मित्रांबरोबर गट करून खेळायचे प्रकार पडद्यावर दिसत होते, पण 'लवकरच येत आहे' असं लिहून बंद होते. त्यातला पहिला, तोही चाचणीसाठी, जून २०२१ मध्ये आला. हातात आला तो गेम पबजीसारखा नव्हता. चार-पाच दिवसांत प्ले स्टोअरवर त्याचं मानांकन तीनच्या आसपास घसरलं.

इथे न्यायाने बोलायला हवं. पहिली मोहीम गलवानची असेल, हे कंपनीने आधी सांगितलं होतं, आणि आपला गेम म्हणजे पबजीची नक्कल नव्हे, हेही सांगितलं होतं. मग मुलांची अपेक्षा कुठून तयार झाली? घोषणेच्या वेळेवरून, नटाच्या नावावरून, देशभक्तीच्या आवाहनावरून आणि 'लवकरच' या शब्दावरून. यातलं कुठलंच वाक्य खोटं नव्हतं. एकत्र येऊन त्यांनी जे चित्र उभं केलं, ते त्या दिवशीच्या गेममध्ये नव्हतं. म्हणून मी तुम्हाला वाक्यावाक्याचा खरेखोटेपणा तपासायला सांगत नाही. विक्रीच्या दिवशी जाहिरातीतलं चित्र आणि गेम शेजारी ठेवून पाहा, एवढंच सांगतो.

आमच्या किनाऱ्यावर हे लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तारकर्ली आणि मालवणला स्कूबा डायव्हिंगवर कितीतरी कुटुंबांचं पोट चालतं. थंडीतल्या चांगल्या दिवशी इथल्या पाण्याखाली बऱ्यापैकी दिसतं, पावसाळ्याच्या तोंडावर गढूळ असतं आणि पावसात हा धंदा बंदच असतो. एखाद्याने फलकावर दुसऱ्याच समुद्रातला निळाशार फोटो लावला, तर पर्यटक किनाऱ्यावर येऊन भांडतो आणि तो भांडतो ते बरोबरच आहे. चांगला गाइड आधीच सांगतो : आज पाणी गढूळ आहे, जायचं तर जा, पण दिसणार कमी. गिऱ्हाइकाला त्या दिवशीचं पाणी कळलं पाहिजे, डिसेंबरमधलं नव्हे. गेमच्या बाबतीत माझी मागणी नेमकी एवढीच आहे.

ती नियमाच्या भाषेत मांडतो. पैसे घेतले जात नाहीत तोवर कंपनीने हवं ते स्वप्न दाखवावं, फक्त हे स्वप्न आहे असं त्यावर लिहावं. ज्या क्षणी पैसे घ्यायला सुरुवात होते, मग ते आगाऊ नोंदणीचे का असेनात, त्या क्षणापासून चालू असलेला प्रत्येक ट्रेलर, स्टोअरच्या पानावरचं प्रत्येक चित्र आणि यूट्यूबवरची प्रत्येक जाहिरात त्या दिवशी हातात पडणाऱ्या गेमची असली पाहिजे. फुकट गेमसाठी हाच नियम डाउनलोड सुरू होण्याच्या दिवसापासून. जुना ट्रेलर ठेवायचा असेल, तर तो कुठल्या वर्षी बनवला आणि त्यातलं काय आता गेममध्ये नाही, हे त्यावर ठळक लिहावं. इंग्रजी बारीक अक्षरांत नाही. जाहिरात हिंदीत असेल तर हिंदीत, मराठीत असेल तर मराठीत. हे तर तुमच्याच २०२२ च्या तत्त्वांत आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. मोबाइल गेमची जाहिरात बहुतेक वेळा महागड्या फोनवर किंवा थेट संगणकावर चित्रित होते. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन दहा-बारा हजारांचे, चार किंवा सहा जीबी रॅमचे असतात. त्यांवर तोच गेम लॅग मारतो, तापतो, मध्येच बंद पडतो, आणि बिचारा पोरगा फोन खराब झाला समजून माझ्याकडे येतो. कुठल्या यंत्रावर चित्रण केलं आणि कमीत कमी कसल्या फोनवर गेम नीट चालतो, हे जाहिरातीतच सांगायची सक्ती करा. सायबरपंकच्या बाबतीत एवढं एक वाक्य सक्तीचं असतं, तर कितीतरी लोकांचे पैसे वाचले असते.

'लवकरच येत आहे' हे शब्द तारखेशिवाय वापरायला बंदी हवी. तारीख चुकली तर पैसे परत मागायचा हक्क आपोआप मिळावा. गेमची जाहिरात करणारा नट किंवा क्रिकेटपटू तो गेम ज्या स्थितीत विकला जातो त्या स्थितीत स्वतः पाहून मगच बोलेल, ही अटही हवी. कुठल्याही वस्तूची भलामण करणाऱ्याने आधी खातरजमा करावी, असं तुमच्या तत्त्वांत आहेच. गेमसाठी तिचा अर्थ एवढाच, की त्याने गेम खेळून पाहिलेला असावा.

पैसे परत देण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दंडाने सरकारला पैसे मिळतात, गिऱ्हाइकाला नाही. संगणकावरच्या गेमचं सगळ्यांत मोठं दुकान असलेल्या स्टीमवर २०१५ पासून एक सोपा नियम आहे : घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर कारण न विचारता पैसे परत. डिसेंबर २०२३ मध्ये 'द डे बिफोर' नावाचा गेम आला, ट्रेलरमध्ये दाखवलेली मोठी खुली दुनिया त्यात नव्हतीच, आणि चारच दिवसांत तो बनवणारी कंपनी बंद झाली. तेव्हा स्टीमनेच सगळ्यांना पैसे परत दिले. मोबाइलच्या आणि प्लेस्टेशनच्या दुकानांचे नियम इतके मोकळे नाहीत. प्लेस्टेशनवर तर गेम एकदा डाउनलोड केला की साधारणपणे हक्क संपतो, म्हणजे उघडून पाहिल्याशिवाय तक्रार करता येत नाही आणि उघडला की तक्रारीचा हक्क राहत नाही.

परदेशी कंपन्या आपलं ऐकतील का, अशी शंका कुणी काढेल. ऑस्ट्रेलियाने ती खोटी ठरवली आहे. स्टीमची मालक असलेली वाल्व्ह कंपनी अमेरिकन आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने तिला तिथल्या न्यायालयात खेचलं. आमचा करार अमेरिकी कायद्याखाली आहे, हा तिचा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईसुद्धा नाही. भारताइतका मोठा बाजार सोडून कोण जाणार आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर, त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. मी त्याचं स्वागत केलं होतं, कारण त्या व्यसनाने काय होतं ते मी दुकानात बसून पाहिलं आहे. पण त्याच कायद्याने साध्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन द्यायचं ठरवलं आहे. आपल्या राज्य मंत्रिमंडळानेही त्याच वर्षी ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. म्हणजे पुढची काही वर्षं गेमच्या जाहिराती वाढतच जाणार. नियम आत्ता झाला, तर उद्योग त्या नियमासकट वाढेल. दहा वर्षांनी केला, तर तेव्हा प्रत्येक जण त्याला विरोध करील.

आपल्याच पुण्यात खरा माल दाखवून विकणारे लोक आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला. तेव्हा लोकांना खेळून पाहता येईल असा तुकडा त्यांनी तयार ठेवला होता. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला तो त्या तुकड्यासारखाच होता, राजस्थानी महालांच्या नक्षीसकट. तो छोटा आहे आणि शेवट घाईचा आहे, असं समीक्षकांनी लिहिलं आणि ते खरं आहे. पण दाखवलेलं दिलं नाही, असं कुणी म्हटलं नाही. त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम पदार्पणाच्या गेमच्या पुरस्कारासाठी त्याचं नामांकन झालं. नियम झाला तर असल्या लोकांना त्रास होणार नाही. आज त्यांना जाहिरातीत त्या फुगवलेल्या ट्रेलरांशी स्पर्धा करावी लागते, ती थांबेल.

नियम करताना फक्त दिल्ली-मुंबईच्या कंपन्यांना बोलावू नका. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात तेल, डाळ, रेशनच्या रांगेतून उभी राहिली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. तिला बोलवा, आणि गेम खेळणाऱ्या मुलांनाही बोलवा. कुठल्या ट्रेलरमध्ये काय खोटं आहे, हे कुठल्याही वकिलापेक्षा ती मुलं अचूक सांगतील. माझ्या दुकानातल्या बाकावर बसणारी तीन पोरं तर कुठल्या सेकंदाला चित्र बदललं तेही दाखवून देतात.

तुमचं उत्तर येईपर्यंत माझ्या जिल्ह्यातल्या पालकांना आणि मुलांना मी इथेच सांगून ठेवतो. जाहिरातीतला गेम आणि हातातला गेम वेगळा निघाला, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत तक्रार करता येते. तिथे काम झालं नाही, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा आयोगाकडे जाता येतं, कंपनी कुठेही असो. आपला आयोग ओरोसला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

आपला,
मालवणातला एक मोबाइल दुकानदार